सहा चाकं आणि डावा कान

आमच्या ट्रकला नवी चाकं बसवायची ठरली तेव्हा मी वहीत नऊ प्रश्न लिहिले होते. टायरमधली हवा सांगणारे सेन्सर घ्यायचे का, घेतले तर आतून बसणारे की बाहेरून, त्यांची बॅटरी किती चालते, पंक्चरवाल्याच्या हातून ते तुटतात का, असे सगळे. दहावा प्रश्न यादीत नव्हता, आणि खरं तर तोच पहिला असायला हवा होता. आमच्या ड्रायव्हरला नीट ऐकू येतं का? कोणता सेन्सर घ्यायचा हे त्यावर ठरणार होतं, आणि तो माणूस पुढे आमच्या गाडीवर राहणार की घरी बसणार, हेही.

मी कुरुंद्यात राहते. आमच्या घरात कामाची वाटणी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच होऊन गेली. यजमान शेती बघतात, मी ट्रक बघते. ट्रक एकच आहे, सहा चाकी. वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात हळद भरायची, जिथं मागणी असेल तिथं पोचवायची, परतीला मिळेल तो माल आणायचा. हे काम माझ्याकडे येण्याचं कारण फार मोठं नाही. यजमानांना कागद सांभाळता येत नाहीत, आणि कागद जागेवर नसले तर मला जेवण जात नाही. इन्शुरन्स, फिटनेस, ग्रीस, ऑइल, टायर, प्रत्येकाची माझ्या वहीत वेगळी पानं आहेत. लग्नाला निघताना मी घरातल्या चपलांचे जोडही मोजते, असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या. ते खरं आहे.

गाडीवर सतरा वर्षं एकच ड्रायव्हर आहेत. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, गावाजवळच्या तांड्यावर राहतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, ते मला वैनी म्हणतात. किन्नर, म्हणजे क्लीनर, ठेवणं आम्ही कधीच बंद केलं, त्यामुळे गाडी आणि भाऊ एवढाच हिशेब. त्यांच्या आज्याच्या मागच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत. भाऊ ही गोष्ट क्वचित काढतात, आणि काढली तरी बढाई म्हणून नाही. टायरबद्दल काही समजवायचं असलं की म्हणतात, शंभर बैलांची रांग चालली असली तरी कोणत्या बैलाची घंटा अडखळली हे आज्याच्या आज्याला बसल्या जागी कळायचं; टायरचंही तसंच असतं.

सकाळी गाडी काढण्याआधी भाऊंची एक फेरी ठरलेली. काचेवर पाणी मारायचं, समोर उदबत्ती लावायची, मग हातात टॉमी घ्यायची. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवताना लागणारी हातभर लांबीची लोखंडी कांब. ती घेऊन गाडीला प्रदक्षिणा, देवळात घालतात तशीच, गाडी उजव्या हाताला ठेवून. जाता जाता प्रत्येक टायरवर एक ठोका. भरलेला टायर खणखणीत वाजतो आणि टॉमी हातात उसळते. हवा कमी असेल तर आवाज बसका येतो. पुढचे टायर आणि मागच्या जोडचाकातले बाहेरचे टायर कुणालाही असे कळतात. आतले कळणं अवघड. फटीतून टॉमी घालून ठोका द्यावा लागतो आणि बाहेरच्या टायरचा आवाज त्यात मिसळतो. भाऊंना आतलेही कळायचे. किती पाउंड कमी आहे तेही सांगायचे, आणि पंक्चरवाल्याच्या मीटरशी ते जवळपास जुळायचं. गावातल्या दुसऱ्या ट्रकवाल्यांना लांब जायचं असलं की तेही भाऊंना बोलावत, जरा आमचीही ऐकून जा म्हणून.

मागच्या हळदीच्या हंगामात हिंगोलीहून माल भरून भाऊ अकोल्याकडे निघाले, आणि कनेरगाव नाक्याच्या थोडं अलीकडे मागचं डावं जोडचाक गेलं. आतल्या टायरमध्ये हवा कमी होती. सगळा भार बाहेरच्यावर येत राहिला. आतला तापून त्याच्या चिंध्या झाल्या, मग बाहेरचाही फुटला. भाऊंनी गाडी सांभाळून कडेला घेतली. कुणाला लागलं नाही, पोती जागेवर राहिली. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. पहिलं वाक्य ‘मी बरा हाय’ असं होतं. दुसरं होतं, ‘आतला गेला, वैनी.’

मी विचारलं, सकाळी वाजवून बघितला होता ना?

‘बघितला होता. बराबर होता.’

वहीतलं टायरचं पान उघडलं. साताठ महिन्यांत हे तिसऱ्यांदा होत होतं. आधीच्या दोन वेळा टायर फुटला नव्हता, वाटेत कुठल्यातरी धाब्यावर थांबल्यावर लक्षात आलं होतं एवढंच. तिन्ही वेळा आतला टायर. मी समोर लिहिलं, ‘टायर जुने?’ आणि पान मिटलं.

यजमानांनी संध्याकाळी स्वच्छ सांगितलं की माणूस थकला. त्याच आठवड्यात तिशीतला एक ड्रायव्हर घरी येऊन जागा आहे का विचारून गेला होता. शेजारच्या गावचा, लायसन पक्कं, दारूचं नाव नाही. यजमान म्हणाले, अजून एकदा असं झालं तर मी तुझं ऐकणार नाही, हा जिवाशी खेळ आहे. त्यात चूक काही नव्हतं. भाऊंना हे कुणी सांगितलं नाही, पण गावात अशी गोष्ट सांगावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते आले ते ओट्यावर न टेकता सरळ गाडीकडे गेले.

दोन चाकांच्या लोखंडी डिस्क वाकल्या होत्या. बाकीच्याही ट्यूबच्या जमान्यातल्या, गंजलेल्या. माल दुसऱ्या गाडीने पुढे गेला, शेजारच्या ट्रकवाल्याने दोन चाकं उसनी दिली, तेवढ्यावर रिकामी गाडी घरी आली आणि अंगणात उभी राहिली. उसनं चाक देण्याची आमच्याकडे रीत आहे, पण उसन्या चाकावर माल भरायचा नाही ही पण रीत आहे. मी सहाही डिस्क आणि स्टेपनी बदलून ट्यूबलेस टायर घ्यायचं ठरवलं. टायर डिस्कवरून उतरलेला असतो तेव्हाच आतला सेन्सर बसवता येतो, त्यामुळे तेही याच वेळी ठरवणं भाग होतं. नाहीतर पुन्हा सगळी चाकं खोला.

नांदेडच्या दुकानात मी निघाले तेव्हा भाऊ म्हणाले, मी पण येतो. याचं मला नवल वाटलं. या माणसाने सतरा वर्षांत केबिनमध्ये पंखा मागितला नव्हता. टेप बिघडला तो बिघडलेलाच ठेवला होता.

दुकानदार बोलका होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्याने दोन्ही प्रकार समोर मांडले. बाहेरचा सेन्सर म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारी जाड टोपी. बसवायला दोन मिनिटं. पण दगड लागून ती फुटली तर तिच्यातूनच हवा जाते, हवा भरताना दर वेळी काढावी लागते, आतल्या टायरसाठी व्हॉल्व्हला लांब नळी जोडावी लागते, आणि धाब्यावर गाडी उभी असताना कुणीही ती फिरवून खिशात घालू शकतो. आतला सेन्सर डिस्कला पट्ट्याने आवळून बसवतात. तो चोरीला जात नाही, टायर किती तापला तेही सांगतो. पण त्याची बॅटरी बदलता येत नाही, संपली की सेन्सरच बदला. आणि पंक्चरवाल्याला आधी सांगितलं नाही तर त्याचा पाना नेमका तिथंच बसतो. मी सगळं लिहून घेतलं. इथपर्यंत आमचं एकमत होतं, आतलाच बरा.

प्रश्न आला केबिनमध्ये काय लावायचं याचा. एक होती साधी पेटी. एक लाल दिवा आणि एक शिट्टी. कुठल्याही चाकात हवा उतरली की वाजणार. दुसरा होता स्क्रीन. सहा चाकांची सहा घरं, प्रत्येकात हवेचा आकडा, खाली तापमान, आणि गडबड असेल त्या घराला लाल रंग. माझं मत पेटीच्या बाजूने होतं. बिघडण्यासारखं त्यात कमी होतं. शिवाय ड्रायव्हरने रस्ता बघावा, आकडे वाचू नयेत.

भाऊ म्हणाले, आवाजाचं नको, आकडा दिसेल ते घ्या. मी माझी कारणं सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘वैनी, तुमी समदं लिहून मागता. तोंडी सांगितलेलं तुमाला चालत न्हाई. मंग गाडीनंच काहून तोंडी सांगावं?’

दुकानदार हसला. मी म्हटलं, पेटी वाजवून तर दाखवा. त्याने नमुन्याच्या सेन्सरमधली हवा सोडली आणि काउंटरवरची पेटी किंचाळली. दाराजवळ उभं असलेलं एक गिऱ्हाईक दचकून वळलं, मी कानावर हात ठेवला. भाऊ माझ्या आणि पेटीच्या मधे उभे होते, पेटी त्यांच्या उजव्या हाताला. ते डाव्या बाजूला लावलेल्या डिस्कला कान टेकवून ती बोटाने वाजवून बघत होते. वाजवतच राहिले.

याहून मोठा आवाज होईल का, असं मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, याहून मोठा केला तर मीच दुकान सोडून पळून जाईन.’

मी डिस्क आणि टायर नक्की केले, सेन्सरचं दोन दिवसांत कळवते म्हटलं आणि घरी आले. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे दोन रकाने आखले, पेटी आणि स्क्रीन, आणि दोन्हींचे गुण-दोष लिहून काढले. पेटीच्या दोषांत शेवटचं वाक्य लिहिलं, ‘भाऊंना ऐकू गेली नाही.’

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर ते पान परत वाचलं. दाराजवळच्या माणसाला ऐकू गेली होती. रस्त्यावरचा एकजणही डोकावून गेला होता. हा दोष मी पेटीच्या रकान्यात लिहिला होता.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर आल्या. भाऊ फोन डाव्या कानाला लावतात, लिहून घ्यायचं असलं तरी उजव्या हातात पेन आणि फोन डाव्या खांद्यात दाबलेला. आमच्या ओट्यावर ते उजवीकडच्या भिंतीला टेकून कोपऱ्यात बसतात, म्हणजे बाकी सगळे त्यांच्या डावीकडे. मी गाडीतून त्यांच्याबरोबर कितीदा गेले असेन, पण केबिनमध्ये ड्रायव्हर उजवीकडे आणि बाकी सगळी दुनिया त्याच्या डावीकडे. तिथं कळण्याचं कारणच नव्हतं. उजवा कान खिडकीकडे असतो. तीस वर्षं वारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्याच कानाने घेतले होते. आणि प्रदक्षिणेत गाडी उजव्या हाताला असते. म्हणजे रोज सकाळी भाऊ सहाही टायर त्यांच्या गेलेल्या कानाने ऐकत होते.

मला अंदाज नको होता, नोंद हवी होती. म्हणून त्या संध्याकाळी मी अंगणात जाऊन मागच्या उजव्या जोडचाकातल्या आतल्या टायरची थोडी हवा सोडली आणि व्हॉल्व्हची टोपी परत लावली. असं एखाद्याला तपासणं बरं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. सकाळी भाऊ आले तेव्हा म्हटलं, गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायची आहे, उसनी चाकं परत द्यायची आहेत, एकदा फेरी मारून घ्या.

त्यांनी उदबत्ती लावली, टॉमी घेतली, फेरी घातली. मागच्या उजव्या चाकाशी फटीतून ठोका दिला, पुढे गेले. फेरी पूर्ण करून म्हणाले, ‘बराबर हाय.’ मी त्यांच्या उजवीकडे दोन हातांवर उभी होते. नेहमीच्या आवाजात विचारलं, चहा टाकू का? त्यांनी वळून पाहिलं नाही. भाऊंनी चहाला नाही म्हटलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, ‘भाऊ, आता एक उलटी फेरी घाला. गाडी डाव्या हाताला ठेवून.’

‘गाडीला उलटी फेरी?’ ते म्हणाले. ‘उलटी फेरी मयताला घालतात, वैनी.’

‘मग एकेका चाकाशी पाठमोरे उभे राहा आणि वाजवा.’

त्यांनी टॉमी खाली टेकवली. मग विचारलं, ‘कधी कळलं?’

‘काल. लिहिलेलं वाचताना.’

‘मला वाटलंच. लिहिल्याबिगर तुमाला काही कळत न्हाई आन लिहिलं की काही सुटत न्हाई.’

त्यांना आधी कळलं होतं, वर्ष होऊन गेलं होतं. काहून सांगितलं न्हाई, असं मी विचारलं. हे मी त्यांच्या बोलीत विचारलं, माझ्या नकळत. ते म्हणाले, ‘काय सांगू? डोळ्यावर कुणाची बी गाडी चालती. माझी कानावर चालती, हे समद्या गावाला म्हाईत. कान गेला म्हणलं की खाली उतर म्हणतील, आन ते बराबरच म्हणतील. प्रत्येक चाकाशी पाठ करून उभा राहिलो असतो तर दुपारपर्यंत तांड्यावर कळलं असतं.’ स्क्रीन हवा होता तो यासाठी. ऐकू येणार नाही ते दिसलं असतं, आणि कुणाला काही सांगावं लागलं नसतं.

बोलण्यासारखं होतं ते एवढंच की त्या कानावर आम्ही तीनदा भरलेली गाडी रस्त्यावर सोडली होती, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

भाऊ गाडीच्या बाजूला खाली वाकून काहीतरी बघत होते. सायलेन्सरचं तोंड. आमच्या गाडीचं ते ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे बाहेर निघतं. बघता बघता म्हणाले, ‘औंढ्याला गेल्यावर फेरी कशी घालता तुमी?’

औंढ्याला म्हणजे महादेवाला. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं, तिथून मागं फिरायचं, उलट बाजूने पन्हाळीच्या दुसऱ्या अंगाला यायचं आणि आल्या वाटेने परत. मी तसं सांगितलं.

‘मंग,’ भाऊ म्हणाले. ‘पाणी न्हाई, धूर हाय. पन्हाळच झाली की ती.’

त्यांनी विझत आलेली उदबत्ती परत नीट खोचली. गाडी उजव्या हाताला ठेवून ड्रायव्हरच्या बाजूने सायलेन्सरच्या तोंडापर्यंत गेले, थांबले, नमस्कार केला आणि मागं वळले. आता गाडी डाव्या हाताला आली. टॉमी डाव्या हातात घेतली. पुढची दोन चाकं, मग मागचं डावं जोडचाक, मग मागून वळसा घेऊन उजवं. तिथं फटीतून एक ठोका दिला. दुसरा दिला नाही.

‘ह्यो बसलाय. वीस पाउंड तरी उतरलाय.’ मग हात घालून टोपी चाचपली. ‘आन ह्यो तुमी उतरवलाय. टोपी इतकी गच्च गावात दुसरं कुणी लावत न्हाई.’

पंक्चरवाल्याकडे मीटरने बघितलं तेव्हा आकडा बावीस निघाला.

यामुळे प्रश्न सुटला असं मी समजले नाही. अंगणात उभ्या गाडीला ऐकणं वेगळं, रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकणं वेगळं. त्याच पानावर तीन ओळी लिहिल्या आणि भाऊंना वाचून दाखवल्या. एक, आधी कानाची तपासणी. दोन, तोपर्यंत गाडी उभी. तीन, डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. भाऊंनी तिसऱ्या ओळीवर मान हलवली, तीही दोनदा.

हंगामात गाडी उभी ठेवणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. बाजारातून फोन येत राहिले. यजमानांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, आता ड्रायव्हर ऐकत नाही आणि बायको ऐकत नाही, मी बैलांशीच बोलतो. पण डॉक्टरांकडे भाऊंना न्यायला तेच गेले.

नांदेडच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कान तपासले. उजवा बराच गेला होता, डावा वयाच्या मानाने चांगला होता. उजव्या कानाला यंत्र लावलं, आठवडाभराने परत बोलावलं, परत तपासलं. यंत्र लावून गाडी चालवायला हरकत नाही असं त्यांनी लिहून दिलं, आणि वर्षातून एकदा तपासणी करायची असंही लिहिलं. यजमानांनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला. मी तो फिटनेसच्या कागदामागे लावला. दुसरी योग्य जागा सुचली नाही.

यंत्र लावून गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा भाऊ लगेच बंद करून खाली उतरले आणि बॉनेटकडे बघत राहिले. म्हणाले, ‘मला वाटलं व्हतं, वर्षभरात इंजन गोड झालं. हे तर लई खडखड करून राहिलं.’ इंजिनचं काम त्याच महिन्यात काढावं लागलं. ते माझ्या यादीत नव्हतं.

सेन्सर आतलेच घेतले, स्क्रीनसहित. स्क्रीनलाही शिट्टी होतीच, ती भाऊंच्या डावीकडे येईल असं डॅशबोर्डच्या मधोमध बसवून घेतलं. बसवताना मी दिवसभर तिथं होते. एकेका सेन्सरला त्याची जागा शिकवावी लागते, म्हणजे हा पुढचा डावा, हा मागचा आतला, असं. पुढे कधी चाकांची अदलाबदल झाली आणि परत शिकवलं नाही तर स्क्रीन एक चाक दाखवणार आणि गडबड दुसऱ्यात असणार. म्हणून प्रत्येक डिस्कवर पांढऱ्या रंगाने आकडा टाकून घेतला, आणि खाली ‘आत सेन्सर आहे’ असं पंक्चरवाल्यासाठी. भाऊंचं म्हणणं होतं की आकडे फेरीच्या क्रमाने टाकावेत. स्क्रीनवरची घरं पुढून मागे, डावीकडून उजवीकडे अशी होती, ती बदलता येत नव्हती. बनवणाऱ्याला औंढा माहीत नसणार, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

पहिल्याच आठवड्यात भर दुपारी त्यांचा फोन आला की सहाही आकडे वाढलेत, थोडी थोडी हवा सोडून देऊ का? हे आमच्याकडे सगळेच करतात. उन्हात टायर फुगला म्हणून दुपारी हवा सोडतात, आणि सकाळी गार झालेल्या टायरात ती कमी पडते. आधी आकडा दिसत नव्हता तेव्हा हाताला चटका लागला की सोडायचे, आता आकडा दिसतो म्हणून सोडायची इच्छा जास्त होते. मी एक पट्टी लिहून स्क्रीनखाली चिकटवली. ‘आकडा सकाळी, गार चाकावर वाचायचा. दुपारी हवा सोडायची नाही.’ भाऊंनी त्यावर काही टीका केली नाही. लिहिलेलं होतं.

पहिला महिना फक्त जवळच्या खेपा, आणि दर खेपेला मी बरोबर. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला जाताना वाटेत मी मुद्दाम गप्प बसून मागचे हॉर्न मोजले आणि त्यांनी कितीला बाजू दिली ते मोजलं. एक सोडून सगळ्यांना दिली. जिला दिली नाही ती जीप चुकीच्या बाजूने येत होती. दुसऱ्या महिन्यात भाऊ एकटे अकोल्याला गेले.

आता सकाळची फेरी महादेवाची असते. गावातले लोक पहिल्यांदा हसले, मग त्यांनी कारण विचारलं, मग भाऊंनीच सांगून टाकलं की उजवा कान गेलाय, यंत्र आहे, आणि टायर डाव्या कानाने ऐकतो. एकदा सांगितल्यावर त्यात सांगण्यासारखं फारसं राहिलं नाही. दुसरे ट्रकवाले अजून बोलावतात. फेरीनंतर भाऊ केबिनमध्ये चढून स्क्रीन बघतात आणि मी वहीत दोन रकान्यांत खूण करते, एक कानाचा, एक स्क्रीनचा. बहुतेक दिवस दोन्ही जुळतात. दोनदा कानाला कळलं नव्हतं ते स्क्रीनला कळलं, त्यातलं एक रस्त्यात, जिंतूरच्या पुढे. भाऊंनी गाडी थांबवली, खिळा काढून घेतला, तासाभरात पुढे निघाले. एकदा मात्र स्क्रीन सहाही आकडे ठीक दाखवत होता आणि भाऊ तीन नंबरला अडून बसले. टायर उतरवला तेव्हा हवा बरोबर होती, पण आतल्या बाजूला फुगवटा आला होता. हवा मोजणाऱ्याला ते कळणार नव्हतं. ही बेरीज मी भाऊंना दाखवलेली नाही, त्यांनी विचारलेलीही नाही.

वर्षाची तपासणी मागच्या महिन्यात झाली. उजवा आहे तिथंच आहे. डावा थोडा उतरलाय, फार नाही. डॉक्टरांनी परत लिहून दिलं, आणि पुढची तारीख वर्षाऐवजी सहा महिन्यांनी दिली. भाऊ बाहेर येऊन म्हणाले, ‘लिहून घ्या.’ मी आधीच लिहिली होती.

त्यानंतर चार दिवसांनी तो तिशीतला ड्रायव्हर परत आला. भाऊ अंगणात फेरी घालत होते, सायलेन्सरपाशी वळले होते, म्हणजे गाडी त्यांच्या डाव्या हाताला होती. त्याने मला हळू आवाजात विचारलं, जागेचं काही ठरलं का? मी सांगितलं की जागा रिकामी नाही. त्याचा नंबर वहीत आहे, तो मी खोडलेला नाही.

भाऊंनी मागच्या आतल्या टायरवर ठोका दिला, थांबले, आणि तिथूनच म्हणाले, ‘बराबर हाय.’ मी दोन्ही रकान्यांत खूण केली आणि गाडी हिंगोलीकडे निघाली.